बांधून दिलेली मुलं: जुन्या अमेरिकेतले पोरके, त्यांचे पालक आणि त्यांचे मालक

पारिजात (धागाकर्ती)

मागच्या रविवारी सेलमला गेलो होतो. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव सगळ्यांना माहीत आहे ते १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांमुळे. तिथे चार्टर स्ट्रीटवर जुनी दफनभूमी आहे आणि गर्दी असते ती त्या खटल्यांच्या खुणा बघायला. मी मात्र एका दगडापाशी अडकले. त्यावर नाव आहे रिचर्ड मोर. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून जे लोक आले, त्यांच्यापैकी मूळ जागी अजून उभा असलेला हा एकच दगड, असं तिथे सांगतात.

रिचर्ड त्या जहाजात चढला तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. सोबत त्याची भावंडं होती: एलन आठ वर्षांची, जॅस्पर सात, आणि धाकटी मेरी चार. आईबाप कोणीच नाही. वडील सॅम्युएल मोर यांचं म्हणणं होतं की ही मुलं माझी नाहीतच, बायकोची दुसऱ्यापासून झालेली आहेत. म्हणून त्यांनी ती आईपासून तोडली आणि पैसे भरून वसाहतीकडे निघालेल्या लोकांच्या हवाली केली. एलन विन्स्लोंकडे, जॅस्पर कार्व्हरांकडे, मेरी आणि रिचर्ड ब्रूस्टरांकडे. सात वर्षं सांभाळायचं, मग प्रत्येकाला ५० एकर जमीन, असा करार. आई नंतर न्यायालयापर्यंत गेली, पण तोवर जहाज केव्हाच सुटलं होतं. त्या पहिल्या हिवाळ्यातच तिघं गेली. उरला एकटा रिचर्ड. पुढे तो जहाजाचा कप्तान झाला आणि म्हातारा होऊन सेलममध्ये मेला.

चार वर्षांच्या मेरीला कोणी काय सांगून बोटीत चढवलं असेल, हेच दोन दिवस डोक्यात फिरतंय. मग वाचायला बसले. गरीब आणि पोरक्या मुलांना करार करून परक्या घरी 'बांधून देणं' ही त्या काळी गावगाड्याची नेहमीची रीत होती. तेच इथे मांडते. ज्यांना याविषयी माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

याचं मूळ इंग्लंडच्या १६०१ च्या गरिबांच्या कायद्यात आहे. गावातला गरीब गावाने पोसायचा, त्यासाठी घरपट्टीसारखा कर गोळा करायचा, आणि हे बघायला गावाने ओव्हरसीयर नेमायचे. ज्या मुलांना आईबाप पोसू शकत नाहीत असं ओव्हरसीयरला वाटेल, ती मुलं त्याने कोणाच्या तरी हाताखाली उमेदवार म्हणून, म्हणजे राबत राबत काम शिकायला, द्यायची. वसाहतींनी ही पद्धत तशीच उचलली. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत, मुलगी १८ ची होईपर्यंत किंवा तिचं लग्न होईपर्यंत. व्हर्जिनियात हे काम चर्चचे वॉर्डन करत, बॉस्टनमध्ये ओव्हरसीयर. बॉस्टनच्या ओव्हरसीयरांनी १७३४ ते १८०५ या काळात हजाराच्या वर मुलं अशी बांधून दिली आणि त्यांचे कागद अजून टिकून आहेत.

त्या कागदाबद्दल थोडं सांगते. मजकूर छापील, नाव-गाव-वय भरायला मोकळ्या जागा. मूळची पद्धत अशी की एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा आणि मधून दातेरी, नागमोडी कापायचा. एक अर्धा मालकाकडे, एक ओव्हरसीयरकडे. भांडण झालं तर दोन्ही अर्धे जुळवून बघायचे. दाते जुळले तर कागद खरा. इंग्रजीत या कराराचं नावच 'दात्यां'वरून पडलं आहे.

आत काय असे? पोराने मालकाची गुपितं राखायची, रास्त हुकूम आनंदाने पाळायचे, पत्ते-फासे खेळायचे नाहीत, गुत्त्यावर जायचं नाही, लग्न करायचं नाही. मालकाने अन्न, कपडे, धुणं आणि निवारा द्यायचा, हुन्नर शिकवायचा, वाचायला-लिहायला आणि हिशेब शिकवायचा. मुदत संपल्यावर कपड्यांचे दोन जोड: एक रविवारचा, एक कामाचा. मुलींच्या कागदावर हुन्नर म्हणून बहुतेक वेळा घरकाम, सूतकताई, शिवण असं लिहिलेलं असे. आणि मुलीला वाचता आलं की पुरे, लिहिणं तिच्या वाट्याला बरंच उशिरा आलं.

शेवटी सह्या. ओव्हरसीयरची, मालकाची, वर दोन न्यायाधीशांची मान्यता. मुलाची सही लागत नसे. आईचीही नाही.

---

कोयरी

वाचून सुन्न झाले. पण एक कळलं नाही. आई जिवंत असताना मूल पोरकं कसं? तिची संमती का लागत नव्हती?

---

सातबारा

कोयरीताई, याचं उत्तर कायद्यात आहे. मी ३२ वर्षं तलाठी होतो. नोकरीत वारसनोंदी इतक्या केल्या की हा विषय जिव्हाळ्याचा झाला, निवृत्तीनंतर बाहेरच्या देशांचंही वाचत राहिलो.

इंग्रजी कायद्यात 'ऑर्फन' म्हणजे बाप मेलेलं मूल. आई शेजारी उभी असली तरी. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता नव्हती, तिची कायदेशीर ओळख नवऱ्यात विरघळलेली. नवरा गेला की मुलांचं पालकत्व आपोआप तिच्याकडे येत नसे. व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया इथे त्यासाठी खास ऑर्फन्स कोर्टं होती. ती कोर्टं मुख्यतः मालमत्ता सांभाळायला होती, हे लक्षात घ्या. बाप शेतीवाडी ठेवून गेला असेल तर कोर्ट पालक नेमे, त्याच्याकडून जामीन घेई, आणि पालकाला हिशेब द्यावा लागे, गाईगुरांच्या वाढीसकट. विधवेने दुसरं लग्न केलं तर सावत्र बापाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून ही काळजी. मूल १४ वर्षांचं झालं की ते स्वतः पालक निवडू शके.

आणि बाप काहीच ठेवून गेला नसेल तर? तर व्हर्जिनियाचा कायदा सरळ सांगत होता: इस्टेटीच्या उत्पन्नात पोराचं भागत नसेल तर त्याला उमेदवार म्हणून बांधून द्या. एकाच कोर्टात, एकाच दिवशी, एका पोराला पालक मिळे आणि दुसऱ्याला मालक.

आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहितात. अज्ञान पालनकर्ता. बाप वारला की मी शेकडो वेळा लिहिलं आहे: 'अ.पा.क. आई', पुढे तिचं नाव. लिहिताना कधी थांबून विचार केला नव्हता. आता वाटतं, त्या दोन शब्दांत केवढं काही होतं. अर्थात आपण फार पुढे होतो असं नव्हे. १९५६ च्या हिंदू कायद्यातही नैसर्गिक पालक आधी बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई.

---

बाभूळ

धागा चांगला आहे, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. तो काळ आजच्या डोळ्यांनी बघू नये. खात्यापित्या घरचे लोकही पोरं दुसऱ्याच्या हाताखाली ठेवतच होते. बेंजामिन फ्रँकलिन १२ वर्षांचा असताना छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला होता, तोही सख्ख्या भावाकडे. गरीब पोराला दुसरा पर्याय काय होता? भीक, नाहीतर उपासमार. आणि मॅसॅच्युसेट्सने तर १६४२ सालीच कायदा केला की आईबाप असोत वा मालक, मुलांना वाचायला शिकवलंच पाहिजे, नाहीतर गावचे पंच मूल काढून दुसरीकडे देतील. जगात किती ठिकाणी तेव्हा गरिबाच्या पोराच्या वाचनाची कोणाला फिकीर होती?

---

पारिजात

बाभूळदादा, १६४२ चा कायदा महत्त्वाचा आहेच. ज्या मुलाच्या कागदावर 'वाचायला शिकवणे' लिहिलं होतं, त्याला निदान ते मागण्याचा हक्क होता. मालक फारच वाईट निघाला तर कोर्ट करार मोडूही शके, तशी प्रकरणं झाली आहेत.

पण फ्रँकलिनचं उदाहरण घ्याच तुम्ही. १७१८ साली बापाने धंदा निवडला, बापाने मालक निवडला, पोराची आवड बघून निवडला. तोच बाप त्याच गावात राहत होता. तरीसुद्धा भावाचा मार सहन न होऊन फ्रँकलिन १७२३ मध्ये फिलाडेल्फियाला पळाला. मग ज्या पोरामागे कोणी नाही, त्याचं काय होत असेल?

आणि बांधून देण्यामागे कळवळ्यापेक्षा हिशेब मोठा होता, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. गरीब गावावर राहिला तर कर वाढतो. पोर कोणाच्या शेतावर गेलं की खर्च संपला. न्यू इंग्लंडच्या कित्येक गावांत गरिबांचा लिलाव होत असे. सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्याला नव्हे, सगळ्यात कमी मागणाऱ्याला माणूस मिळायचा. म्हणजे 'याला वर्षभर पोसायला गावाने मला किती द्यायचे' याची उतरती बोली. त्यात म्हातारे असत, अपंग असत, मुलंही असत. जो कमीत कमी पैशांत पोसायला तयार होतो तो किती पोटभर घालणार, हे गावाला कळत नव्हतं असं मला नाही वाटत.

त्याआधीचं तर अजून वाईट. १६१९ मध्ये लंडन शहराने रस्त्यावरची १०० मुलं व्हर्जिनियाला पाठवली, तंबाखूच्या मळ्यांवर हात कमी पडत होते म्हणून. पुढच्या खेपेला काही मुलांनी जायला नकार दिला. तर १६२० च्या जानेवारीत राजाच्या सल्लागार मंडळाने, प्रिव्ही कौन्सिलने, परवानगी दिली की नकार देणाऱ्यांवर जबरदस्ती करा. ही मुलं 'नाही' म्हणाली होती. चारशे वर्षांपूर्वीची रस्त्यावरची पोरं, आणि त्यांचा नकार सरकारी कागदात राहिला.

---

शिंपीआळी

मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचतो. पण उमेदवारीचा विषय निघाला म्हणून.

माझे वडील अकरा वर्षांचे असताना एका टेलरच्या दुकानात राहिले. आजोबा गेले होते, घरात पाच तोंडं. करार वगैरे काही नाही. पोटावारी. पहिलं वर्ष त्यांनी सुई हातात धरली नाही. सकाळी कोळशाची इस्त्री पेटवायची, राख फुंकून काढायची, दुकान झाडायचं, मालकिणीला पाणी भरून द्यायचं, मालकाचं पोर कडेवर घेऊन फिरायचं. दुसऱ्या वर्षी तुरपाई. मग काज-बटण. कातर मालक कोणाला हात लावू देत नसे, कारण कापणं ज्याला आलं तो उद्या समोर दुकान टाकतो. वडील कापायला शिकले ते रात्री, मालक झोपल्यावर, जुन्या वर्तमानपत्रांवर.

म्हणून मला विचारायचं आहे. त्या कागदावर 'हुन्नर शिकवावा' लिहिलं होतं, पण शिकवला की नाही हे कोण बघायचं?

---

पारिजात

शिंपीआळी, तुमच्या वडिलांचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. वर्तमानपत्रावर कापायला शिकणं... त्यांना माझा नमस्कार सांगा.

बघायचं ओव्हरसीयरने, कायदा तसा होता. पण बॉस्टनची बरीच मुलं गावाबाहेर, लांबच्या शेतांवर दिली जात. तिथे कोण जाऊन बघणार? शिवाय गरीब मुलांच्या वाट्याला चांगले हुन्नर कमीच आले. सोनार, छापखाना, व्यापार इथे उमेदवार घ्यायला मालक उलट पैसे मागत. गावाच्या पोरांना शेती, घरकाम, खलाशाचं काम, फार तर चांभारकाम, शिंपीकाम.

आणि योगायोग बघा, मी तुम्हाला एका शिंप्याच्या उमेदवाराचीच गोष्ट सांगणार होते.

नॉर्थ कॅरोलायनातलं रॅली. १८१२ मध्ये एक हमालीची-चाकरीची कामं करणारा माणूस मेला, मागे बायको आणि मुलं. बायको विणकाम, धुणं करून भागवायची, भागेना. तिने दोन्ही मुलं जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे बांधून दिली. धाकटा तेव्हा दहाएक वर्षांचा, २१ पर्यंत करार. शाळेचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. पण त्या दुकानात एक पद्धत होती: शिंपी शिवत बसले की गावातलं कोणीतरी येऊन त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. ते ऐकत ऐकत या पोराला अक्षरांची ओढ लागली.

१८२४ च्या जूनमध्ये एका रात्री दोघे भाऊ पळाले. सेल्बीने पेपरात जाहिरात दिली: दोन्ही पोरांना आणून देणाऱ्याला १० डॉलर बक्षीस. आणि पुढे लिहिलं की एकटा धाकटा आणून दिला तरी पूर्ण बक्षीस देईन. म्हणजे काम त्याचंच चांगलं असणार. एरवी अशा जाहिरातींत मालक सहा सेंट, एक सेंट असं बक्षीस लावत. पोर परत नकोच असायचं, फक्त 'याला कोणी थारा देऊ नका, याची उधारी माझ्या नावावर मांडू नका' एवढं जाहीर करायचं असायचं.

धाकट्याचं नाव अँड्र्यू जॉन्सन. नंतर तो टेनेसीत ग्रीनव्हिलला गेला, स्वतःचं दुकान टाकलं, लिहायला आणि हिशेब करायला बायकोने शिकवलं. १८६५ साली लिंकनच्या खुनानंतर तो अमेरिकेचा सतरावा अध्यक्ष झाला. ग्रीनव्हिलचं ते दुकान आजही जपून ठेवलेलं आहे.

---

शिंपीआळी

वडिलांना वाचून दाखवलं. जाहिरातीतलं 'एकटा धाकटा आणला तरी चालेल' दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

---

बाभूळ

शिंपीआळीदादांचं वाचल्यावर मी माझं 'दुसरा पर्याय काय होता' हे वाक्य मागे घेतो. पर्याय होता. विधवेला गावाने महिन्याला चार पैसे दिले असते तर मूल घरीच राहिलं असतं, आणि काही गावं तशी मदत देतही होती. पण ती मदत मिळेल की मूल जाईल हे ओव्हरसीयरच्या मर्जीवर.

एक विचारायचं आहे. तेव्हा अनाथाश्रम नव्हते का?

---

ओसरी

होते, पण फार थोडे. मी बरीच वर्षं साउथ कॅरोलायनात राहते, म्हणून इकडचं सांगते. शेजारच्या जॉर्जियात १७४० मध्ये सव्हानाजवळ जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाने बेथेस्डा अनाथगृह काढलं. आणि चार्ल्सटनचं ऑर्फन हाउस १७९० चं, शहराने स्वतःच्या पैशाने चालवलेलं देशातलं पहिलं. तिथेही जन्मभर ठेवत नसत. थोडं वाचणं-लिहिणं झालं आणि मुलं वयात आली की पुन्हा उमेदवारीवरच पाठवत. आईने मूल आत ठेवताना त्याच्यावरचा हक्क कागदावर सोडायचा. मग दिवस बरे आले की त्याच आया अर्ज करत, आता माझं लेकरू परत द्या म्हणून. तसे अर्ज तिथल्या दप्तरात आहेत.

एक मात्र सांगायलाच हवं. चार्ल्सटनचं घर फक्त गोऱ्या मुलांसाठी होतं.

---

कोयरी

तेच विचारणार होते. काळ्या मुलांचं आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांचं काय?

---

ओसरी

कागद तोच, मुदत वेगळी. व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्याने गोऱ्या बाईला काळ्या पुरुषापासून लग्नाशिवाय झालेलं मूल ३१ वर्षांचं होईपर्यंत बांधलं जाई. एकतीस! १७६५ मध्ये ते २१ आणि १८ वर आलं. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये गुलामगिरी हळूहळू संपवायचा कायदा केला, त्याचं कौतुक होतं. पण त्यातही गुलाम आईच्या पोटी पुढे जन्मणारं मूल 'स्वतंत्र' ठरलं तरी २८ व्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं होतं. शेतात राबणाऱ्या माणसाची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली.

मूळ रहिवाशांमधला विल्यम अपेस, पेकॉट जमातीचा, १७९८ चा जन्म. चार-पाच वर्षांचा असताना आजीने दारूच्या नशेत मारून त्याचा हात मोडला. गावाने त्याला एका गोऱ्या कुटुंबात बांधून दिलं. तिथे त्याला सहा हिवाळे शाळेत जायला मिळालं. पण पुढे त्याला न विचारता त्याचा करार दुसऱ्याला विकला गेला, मग तिसऱ्याला. तो पळाला आणि इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धात सैन्यात भरती झाला. नंतर धर्मोपदेशक झाला आणि १८२९ मध्ये त्याने स्वतःची कहाणी स्वतः लिहून छापली. बांधलेल्या मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं फार थोडं उरलं आहे, म्हणून ते मोलाचं.

---

सातबारा

एक नोंद आपल्याकडची. कंपनी सरकारने १८५० साली १९ क्रमांकाचा कायदा केला, उमेदवार बांधून देण्याबद्दल. त्याच्या प्रस्तावनेतच आहे की अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना हुन्नर शिकता यावा म्हणून हा कायदा. १० ते १८ वयाचं मूल, जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे १६०१ चं तेच इंग्रजी बियाणं इथेही पेरलं होतं.

---

पारिजात

सातबारा काका, हे माहीत नव्हतं.

मला जॉन्सनची गोष्ट अर्धी सोडायची नाही. मूळ विषयाच्या काळाच्या पुढची आहे, पण याच कागदाची आहे.

मेरीलँडमध्ये नव्या राज्यघटनेने १ नोव्हेंबर १८६४ ला गुलामगिरी संपली. दोनच दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, टॅलबट काउंटीत एलिझाबेथ टर्नर नावाच्या लहान मुलीला तिच्या जुन्या मालकाकडेच, फिलेमन हॅम्बल्टनकडे, उमेदवार म्हणून बांधण्यात आलं. त्या दिवसांत मेरीलँडच्या ऑर्फन्स कोर्टांनी हजारो काळी मुलं अशी बांधली. आया कोर्टाच्या दारात उभ्या होत्या. मेरीलँडच्या कायद्यात गोऱ्या उमेदवाराला शिक्षण द्यावं लागे, काळ्याला नाही. आणि काळं मूल मालक काउंटीतल्या कोणाच्याही नावे करून देऊ शके.

१८६६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नागरी हक्कांचा कायदा केला: करार करण्याचा, कायद्याच्या संरक्षणाचा हक्क सगळ्या नागरिकांना सारखा. अध्यक्ष जॉन्सनने २७ मार्चला त्यावर नकाराधिकार वापरला. हाच तो, दहाव्या वर्षी बांधला गेलेला आणि रात्री पळून आलेला. काँग्रेसने ९ एप्रिलला त्याचा नकार बाजूला सारून कायदा मंजूर केला. मी हे तीन-तीनदा तपासलं, कारण मला ते खरं वाटेना.

१८६७ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरला सरन्यायाधीश सॅमन चेस यांच्यासमोर एलिझाबेथचा अर्ज आला. त्यांनी तिचा कागद आणि गोऱ्या मुलांचा कागद शेजारी शेजारी ठेवला. गोऱ्या मुलांच्या कागदात वाचन होतं, लेखन होतं, हिशेब होता. तिच्या कागदात यातलं काही नव्हतं. ही उमेदवारी म्हणजे सक्तीची चाकरीच आहे आणि १८६६ च्या कायद्याच्याही विरुद्ध आहे, असं म्हणून त्यांनी तिला मोकळं केलं.

---

शिंपीआळी

हे वडिलांना अजून वाचून दाखवलेलं नाही. जॉन्सन त्यांना आपला माणूस वाटायला लागला होता. उद्या सकाळी सांगेन.